रोड बाईकची कुरकुर अखेर सापडली!

महिनाभर डोकं उठलं होतं राव. सकाळी तुळजापूर रोडनं हिप्परग्याकडं निघालो की जरा जोर लावला रे लावला, प्रत्येक पायडलला एकदा कुर्र. सगळे म्हणाले बॉटम ब्रॅकेट (फ्रेमच्या तळाशी पायडलचे दांडे ज्यावर फिरतात ते बेअरिंग) गेलं, दुकानात नवीन टाकून पण घेतलं, पैसे गेले आणि आवाज तसाच.

मग स्वतःच बसलो शोधायला. आधी सीटवरून उठून उभ्यानं चालवली, तर आवाज बंद! म्हणजे पायडल, क्रँक (पायडलचा दांडा) यांचा दोष नसणार, कारण ते असतं तर उभ्यानं जास्तच वाजलं असतं. दोष सीटकडचाच. बसून पाय मारताना आपलं वजन डावी-उजवीकडं हलतं, म्हणून आवाज पायडलच्या तालावर येतो आणि खालूनच येतोय असं वाटतं, फ्रेमच्या पोकळ नळ्यांतून आवाज फिरतो ना.

सीटपोस्टला (सीटखालची फ्रेममध्ये जाणारी नळी) आधी टेप लावून उंचीची खूण केली (हे विसरू नका, नंतर गुडघे दुखतात), बाहेर काढला तर आत आपल्या सोलापूरची धूळ आणि वाळलेला घाम, नुसता काळा थर. फडक्यानं पुसलं, पातळ ग्रीस लावलं, सीटच्या रेल (सीटखालच्या दोन दांड्या) जिथं क्लॅम्पमध्ये बसतात तिथं पण, आणि बोल्ट टॉर्क रेंचनं (ठरलेल्या जोरानं आवळायचा पाना) क्लॅम्पवर लिहिलेल्या ५ न्यूटन मीटरला आवळला. माझं सगळं ॲल्युमिनियमचं आहे, कार्बन असेल तर ग्रीस अजिबात नको, पकड वाढवणारी कार्बन पेस्टच लावा नाहीतर सीटपोस्ट घसरतो.

काल परत हिप्परग्यापर्यंत जाऊन आलो, फक्त चेनचा आणि वाऱ्याचा आवाज, इतकं भारी वाटलं!