जुन्या जीन्सवर लेझरची नक्षी

जीन्सच्या कापडात उभा धागा निळीने रंगवलेला असतो आणि आडवा बिनरंगी. नीळसुद्धा उभ्या धाग्याच्या वरच्या थरावरच बसते, गाभा पांढरा राहतो. हा थर लेझरने उडवला की ब्लीचशिवाय पांढरी नक्षी उमटते. जोर जास्त झाला तर उभा धागाच जळतो आणि आडव्या धाग्यांची जाळी उरते.

आधी कापड पारखा. कडेचे उभे आणि आडवे धागे वेगवेगळे जाळून पाहा, कारण पॉलिएस्टर किंवा लायक्रा बहुतेकदा आडव्यात असतो. कागद जळल्यासारखा वास आणि भुरभुरीत राख म्हणजे सुती. कडक मणी उरला तर भेसळ आहे. असं कापड वितळतं, कडा टोचतात. रेक्झिनचे तुकडे लावलेली जीन्स मशीनमध्ये घालूच नका. रेक्झिनमधलं पीव्हीसी प्लास्टिक जळून निघणारा हायड्रोजन क्लोराइड फुफ्फुसांना घातक असतो आणि मशीनलाही गंज चढवतो.

पँट सॉफ्टनरशिवाय धुवा, चेन, बटणं, रिव्हेट काढा, पायाची एक शिवण उसवून कडक इस्त्री करा. शेजारी मोजपट्टी ठेवून बरोबर वरून फोटो घ्या. इंकस्केप या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मोजपट्टीवरून माप जुळवा आणि फाटके, विरलेले भाग टाळून नव्या वस्तूच्या तुकड्यांचा पॅटर्न मांडा. जुनी शिवण पीळ खाल्लेली असते. दिशा उभ्या धाग्यावरून धरा. शिवणीसाठी कडेला माया (जास्तीचं कापड) १.५ सेंमी.

खरी मेहनत त्याच पँटच्या कापडाच्या चाचणीपट्टीवर घ्या. ६० वॅटच्या सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या) लेझरवर ३०० मिमी प्रति सेकंद वेग आणि ०.१५ मिमी रेषांतर (लेझरच्या दोन रेषांमधलं अंतर) ठेवून २ सेंमीचे चौकोन काढा. पॉवर १० टक्क्यांपासून तीन-तीनने २५ पर्यंत वाढवा. मग पट्टी धुवा. काजळीचा पिवळेपणा गेल्याशिवाय खरा रंग कळत नाही. प्रत्येक चौकोन दोन्ही बाजूंनी ओढून पाहा. धागा तुटला तर त्याच्या दोन पायऱ्या खालची पॉवर घ्या. प्रत्येक पँटची नीळ वेगळी, म्हणून पट्टीही दरवेळी नवी.

कापड चुंबकांनी ताणून बसवा, फुगलं की फोकस चुकतो. आधी नक्षी, मग कटिंग. कापलेला तुकडा हलतो. कटिंगला २० मिमी प्रति सेकंद वेग, ५० टक्के पॉवर इथून सुरुवात करा. एअर असिस्ट (लेझरच्या टोकाशी हवेचा झोत) आणि धूर ओढणारा एक्झॉस्ट चालू हवेत. सूत आत धुमसत राहतं, मशीन सोडून जाऊ नका.

नक्षी शिवणीपासून ५ मिमी लांब ठेवा, नाहीतर कापड तिथेच उसवतं. शिवायला १६ नंबरची जीन्सची सुई, टाका ३ मिमी.