ग्लिओब्लास्टोमा: शेक, कॅप्सूल आणि इंजेक्शनचं गणित कसं सांभाळायचं

ऑपरेशनमध्ये गाठ कितीही नीट काढली, तरी ग्लिओब्लास्टोमाच्या, म्हणजे मेंदूच्या या कॅन्सरच्या, काही पेशी आजूबाजूच्या मेंदूत उरतातच. म्हणून जखम भरली की साधारण तीन ते सहा आठवड्यांत शेक, म्हणजे रेडिएशन, आणि टेमोझोलोमाइड या केमोच्या औषधाच्या कॅप्सूल सोबतच सुरू होतात. त्याआधी बायोप्सीच्या ब्लॉकवर (जपून ठेवलेल्या गाठीच्या तुकड्यावर) एमजीएमटी आणि आयडीएच या जनुकांच्या तपासण्या झाल्या आहेत का, ते विचारा. एमजीएमटी मिथायलेटेड, म्हणजे बंद पडलेलं, असेल तर कॅप्सूलचा फायदा जास्त होतो.

शेक सोमवार ते शुक्रवार, रोज २ ग्रे (ग्रे हे शेकाच्या मात्रेचं माप), एकूण ३० वेळा. म्हणजे सहा आठवडे, ६० ग्रे. वयस्कर किंवा अशक्त पेशंटला १५ वेळांत, म्हणजे तीन आठवड्यांत, ४० ग्रे देतात. कॅप्सूलला मात्र शनिवार-रविवार सुट्टी नाही, आणि घरोघरी नेमकी हीच चूक होते. डोस शरीराच्या क्षेत्रफळावर ठरतो, ७५ मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर. उंची १६५ सेंटिमीटर, वजन ५६ किलो असेल तर क्षेत्रफळ १.६, म्हणजे रोज १२० मिलिग्रॅम, १०० ची एक आणि २० ची एक. शेकाच्या तासभर आधी, उपाशीपोटी, आणि उलटीची गोळी त्याच्याही अर्धा-एक तास आधी. कॅप्सूल फोडून पाण्यात कालवायची नाही. घेतल्यावर उलटी झाली तर त्या दिवशी दुसरी द्यायची नाही.

दर आठवड्याला सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करा. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) १५०० च्या किंवा प्लेटलेट एक लाखाच्या खाली गेल्या तर पुढची कॅप्सूल देण्याआधी डॉक्टरांना फोन. या काळात न्यूमोनिया टाळायला कोट्रायमोक्साझोल लिहून दिलेलं असतं. ‘साधी गोळी’ म्हणून ते बंद करू नका.

मेंदूची सूज उतरवणारं डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड जेवणानंतरच घ्यावं. साखर तपासत राहा. तांबडा-पांढरा रस्सा या दिवसांत थोडा लांबच बरा, ॲसिडिटी आधीच वाढलेली असते. आणि ही गोळी एकदम बंद करायची नाही, डॉक्टर सांगतील तशी हळूहळू कमी करायची. फिट येऊन गेली असेल तर गाडी चालवणं बंद.

गगनबावडा, चंदगडकडून येणाऱ्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये शेक असेल तर कोल्हापुरातच खोली घ्यावी. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पुणे-बेंगळुरू महामार्गही बंद पडला होता. शेक चुकला की राहिलेल्या पेशींना वाढायला वेळ मिळतो. चुकलेले दिवस कसे भरून काढायचे ते रेडिएशनचे डॉक्टर ठरवतात, म्हणून त्याच दिवशी कळवा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे कागद शेक सुरू होण्याआधीच पुरे करून ठेवा.

शेक संपल्यावर चार आठवडे विश्रांती. मग २८ दिवसांचं चक्र, त्यात पहिले पाच दिवसच कॅप्सूल. पहिल्या चक्रात रोज १५० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर, रक्त ठीक असेल तर दुसऱ्यापासून २००. साधारण सहा चक्रं. प्लेटलेट तीन आठवडे उलटल्यावर सर्वांत खाली जातात, म्हणून २२ व्या दिवशी सीबीसी.

आता टार्गेटेड औषध, म्हणजे गाठीतल्या ठरावीक गोष्टीवर नेम धरणारं. ते सरसकट सुरुवातीलाच मागू नका. बेव्हासिझुमॅब हे इंजेक्शन गाठीच्या नव्या रक्तवाहिन्या रोखतं, सूज आणि स्टेरॉइडची गरज कमी करतं. पण २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत, पहिल्याच उपचारात जोडल्याने आयुष्य वाढलं नाही. गाठ परत आल्यावर ते १० मिलिग्रॅम प्रति किलो, दर दोन आठवड्यांनी देतात. ऑपरेशननंतर २८ दिवस तरी नाही, कारण जखम भरत नाही. प्रत्येक वेळी बीपी, अधूनमधून लघवीतलं प्रोटीन तपासायचं. गाठीच्या जनुकांत बीआरएएफ व्ही६००ई हा बदल सापडला तर डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब या टार्गेटेड औषधांचा विचार होतो, पण असे पेशंट थोडेच.

शेकानंतर पहिल्या तीन महिन्यांतल्या एमआरआयत गाठ वाढल्यासारखी दिसली तर लगेच हात टेकू नका. उपचारांमुळेही तसं दिसतं. बेव्हासिझुमॅब चालू असताना उलटं होतं, डाग फिका पडतो पण गाठ आत पसरत असू शकते. म्हणून जुन्या सगळ्या सीडी सोबत न्या. नुसत्या रिपोर्टवरून तुलना होत नाही.