डिसेंबरात गाडीने मथुरा-आग्र्याला येताय? मग धुक्याचं आधी वाचा

दरवर्षी नाताळच्या सुट्टीत पुण्या-नाशकाकडचं कोणीतरी स्वतःची गाडी काढून मथुरा-वृंदावन करायला येतं आणि मला फोन येतो, यमुना एक्सप्रेसवे कसाय रे? रस्ता एक नंबर आहे, ग्रेटर नोएडा ते आग्रा 165 किलोमीटर सरळसोट, आणि म्हणूनच पाय ॲक्सिलरेटरवरून निघत नाही. आपल्याला धुकं माहिती ते लोणावळ्याचं, चार वळणं गेली की सुटलं. इथं रात्री जमीन गार पडते, वारा नसतो, शेतातली ओल आणि धूर सगळं खालीच साचतं, मग स्वच्छ रस्त्यावरून जाता जाता एकदम कापसात घुसल्यासारखं होतं.

त्यामुळे आधी निघायची वेळ बदला. "पहाटे चारला निघू, ट्रॅफिक नसतं" हे आपलं ठरलेलं गणित इथं चालत नाही, उजाडल्यावर तर कधीकधी धुकं अजून दाट होतं. दहानंतर निघा. हवामान खातं 'दाट' म्हणतं ते 50 ते 200 मीटर दिसत असेल तेव्हा, आणि 'अतिदाट' म्हणजे 50 च्या आत. अतिदाट लिहिलं असेल तर सरळ अजून एक झोप काढा, वृंदावनचे बांके बिहारी कुठे जात नाहीत.

आता स्पीड. हिवाळ्यात इथली लिमिट 100 वरून 75-80 वर आणतात, पण दाट धुक्यात तीही जास्तच. ताशी 100 ला गाडी सेकंदाला 28 मीटर जाते, पुढचं दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच 40 मीटर संपतात, थांबेपर्यंत साधारण शंभर. 40 च्या स्पीडला हेच 25-30 मीटरमध्ये होतं. जेवढं दिसतंय त्याच्या निम्म्यात गाडी थांबली पाहिजे, तेवढाच स्पीड ठेवायचा, मागचा हॉर्न मारतोय मारू दे.

लाइट लो बीमवरच ठेवा, अप्पर मारला की समोर पांढरी भिंत. फॉग लॅम्प असतील तर लावा. आणि चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावायची आपल्याकडची सवय सोडा, मागच्याला कळत नाही तुम्ही थांबलाय की चाललाय, वर वळायचा इंडिकेटर पण दिसत नाही. काचेवर वाफ धरली तर डिफॉगर, नाहीतर एसी चालू करून हवा काचेवर सोडा. डावीकडची पांढरी पट्टी धरून चला. ट्रकच्या लाल दिव्यामागे चिकटून जाणारे पण असतात, तो ढाब्यात वळला की हेही ढाब्यात, आणि त्याने ब्रेक मारला तर थेट त्याच्याखाली.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रस्त्यावर थांबू नका, शोल्डरवर म्हणजे कडेच्या मोकळ्या पट्ट्यावरही नाही, कारण शोल्डरची पट्टी धरून येणारा तुमच्यावरच येतो. थांबायचं तर टोल, पेट्रोल पंप, रेस्ट एरिया. नोव्हेंबर 2017 मध्ये याच रस्त्यावर स्मॉगमध्ये, म्हणजे धूर मिसळलेल्या धुक्यात, गाड्यांवर गाड्या आदळल्या त्याचा व्हिडिओ अनेकांनी पाहिला असेल, लोक उतरून ओरडतायत आणि मागून गाड्या येतच आहेत. अशा पाइलअपमध्ये पहिली धडक किरकोळ असली तरी मागून येणाऱ्या पुढच्या धडकांत जीव जाऊ शकतो.

म्हणून ठोकलीच तर गाडी चालत असेल तर डावीकडे काढा, हॅझार्ड, म्हणजे चारही इंडिकेटर, आता लावा. चालत नसेल तर बंपर किती चेपला, चूक कोणाची, फोटो, हे सगळं नंतर. मागून काही येत नाहीये ना हे कानांनी ऐका, डाव्या दारातून सगळ्यांना उतरवा, क्रॅश बॅरियरच्या पलीकडे जा आणि तिथूनच मागच्या दिशेला चाला. दोन गाड्यांच्या मध्ये उभं राहायचं नाही, सामान काढायला डिकीपाशी तर अजिबात नाही. मग 112 ला फोन. तिकडून पहिला प्रश्न येतो 'कुठे आहात', आणि धुक्यात कोणालाच सांगता येत नाही, म्हणून शेजारी बसलेल्याला एकच काम द्या, किलोमीटरचा दगड गेला की आकडा मोठ्याने वाचायचा.