लेंटमध्ये घरी रोज काय करायचं, आम्ही करतो तसं

लेंट म्हणजे ईस्टरच्या, येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाच्या, आधीचे उपवासाचे आणि प्रार्थनेचे 40 दिवस. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून ते सुरू होतात. कोल्हापुरात कॅथलिक घरं थोडी आणि लांब लांब आहेत. शाळेत मुलीच्या कपाळावरची राख बघून मैत्रिणी विचारतात हे काय लावलंय गं, आणि तिला उत्तर देता आलं पाहिजे ना. ते चर्चमधल्या एका तासात येत नाही, घरीच यावं लागतं. म्हणून आमच्या घरी जे टिकलं ते लिहिते.

आधी एक सांगते, सगळं करायला जाऊ नका. पहिल्या वर्षी मी रोज पूर्ण रोझरी (जपमाळेची प्रार्थना), बायबल वाचन, गाणी, शिवाय मुलांचं टीव्ही बंद असं सगळं एकदम ठरवलं आणि दुसऱ्या आठवड्यातच बंद पडलं, मुलं रडकुंडीला आली आणि मला फार वाईट वाटलं. आता फक्त 10 मिनिटं, रात्री जेवण झाल्यावर, भांडी घासायच्या आधी. वेळ मात्र मोडायची नाही, पाहुणे असले तरी त्यांना सोबत बसवायचं. मेणबत्ती लावायची, मोबाईल दुसऱ्या खोलीत, त्या दिवसाच्या शुभवर्तमानातल्या चार-पाच ओळी एकाने वाचायच्या, एक मिनिट गप्प बसायचं, मग "आमच्या स्वर्गातील बापा" आणि "नमो मारिया" या दोन प्रार्थना. मंगळवारी आणि शुक्रवारी रोझरीतल्या दुःखाच्या पाच रहस्यांपैकी, म्हणजे येशूच्या दुःखाच्या पाच प्रसंगांपैकी, एकच घेतो. गप्प बसायचं ते एक मिनिट मुलांना सगळ्यात अवघड जातं पण तेच सोडू नका.

घरातल्या वेदीवर, म्हणजे प्रार्थनेच्या जागी, लेंटचं जांभळं कापड घालायचं, आम्ही जुन्या साडीचा तुकडा वापरतो. राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी म्हणजे मंगळवारी मुलं कागदावर मोठ्या अक्षरात "आलेलुया" लिहून रंगवतात आणि तो कागद डब्यात बंद करून कपाटावर ठेवतात, कारण आलेलुया हा आनंदाने देवाची स्तुती करायचा शब्द, तो लेंटभर मिस्सामध्ये (चर्चमधल्या उपासनेत) म्हणत नाहीत. ईस्टरपर्यंत डब्याला हात लावायचा नाही.

दिवस मोजायचे कसे हेही मुलांना सांगा. राखेचा बुधवार ते पवित्र शनिवार 46 दिवस होतात, त्यातले 6 रविवार काढले की 40, रविवार उपवासात धरत नाहीत. 2027 ला राखेचा बुधवार 10 फेब्रुवारीला आणि ईस्टर 28 मार्चला आहे.

या 40 दिवसांसाठी, येशूच्या डोक्यावर घातला होता तसा, काट्यांचा मुकुट करतो. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, लागेल तसं पाणी, घट्ट मळून दोन लांब वळ्या करायच्या, एकमेकींत पीळ देऊन गोल जोडायच्या आणि ओलं असतानाच 40 टूथपिक टोचायच्या, मग दोन-तीन दिवस उन्हात ठेवलं की कडक होतं. ज्याने कुणासाठी काही चांगलं केलं किंवा मनावर ताबा ठेवला त्याने एक काटा काढायचा, पण कशासाठी काढला ते सांगायचं नाही. राखेच्या बुधवारी मत्तयचा सहावा अध्याय वाचतात, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये असं त्यात आहे, ते मुलांना यातून बरोबर कळतं. पहिल्या वर्षी धाकटा सारखा येऊन सांगायचा मी काय केलं माहितीये का, आता गुपचूप काढतो.

आता जेवणाचं. इथल्या मुलांच्या डोक्यात उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी आणि वरीचा भात असतं, आजूबाजूला तेच दिसतं. आपलं वेगळं आहे, पदार्थ बदलायचे नसतात, कमी खायचं असतं. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडेला (ईस्टरच्या आधीच्या शुक्रवारी) 18 ते 59 वयाच्या लोकांनी एकदाच पोटभर जेवायचं, बाकी दोन वेळा थोडं. मांस वर्ज्य 14 वर्षांपासून पुढे, आणि ते राखेच्या बुधवारी आणि लेंटच्या सगळ्या शुक्रवारी. आजारी माणसं, गरोदर बाया यांनी उपाशी राहू नये. मासे चालतात, पण मटण नाही म्हणून सुरमई फ्रायची मेजवानी करायची हे मला पटत नाही. तांबडा पांढरा रस्सा शुक्रवारी बंद म्हणजे आमच्या घरात खरंच मोठा त्याग आहे, त्या दिवशी झुणका भाकरी किंवा आमटी भात, आणि मटणाचे वाचलेले पैसे तिथल्या तिथे डब्यात टाकायचे, नंतर टाकू म्हटलं की राहतं. मुलांनाच टाकू द्या. त्यातून आम्ही सीपीआरमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, पेशंटसोबत आलेल्या बाहेरगावच्या नातेवाईकांना केळी, बिस्किटं देतो, उरलेले चर्चमध्ये.

शुक्रवारी चर्चला जाणं जमलं नाही तर क्रूसाची वाट, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटेवरच्या 14 प्रसंगांची प्रार्थना, घरीच करा. 14 कागदांवर 14 स्थानांची चित्रं मुलांकडून काढून घ्या, रोमन अधिकारी पिलातासमोरच्या शिक्षेपासून कबरीपर्यंत, आणि जिन्यापासून गच्चीपर्यंत चिकटवा. प्रत्येक स्थानापाशी दोन वाक्यं पुरतात. सिमोन नावाचा माणूस येशूला क्रूस उचलायला मदत करतो तिथे मी विचारते, आज तुम्ही कुणाचं ओझं उचललं?

शनिवारी रात्री एकमेकांची माफी मागतो. आईबापांनी आधी मागायची. मी मुलीला उगीच ओरडले होते ते तिच्यासमोर कबूल करणं जड गेलं, पण त्यानंतर ती स्वतःहून बोलायला लागली. फादरांकडे कन्फेशनला (पापांची कबुली द्यायला) न्यायच्या आधी याचा फार उपयोग होतो.

झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या, दोन दिवस आधी गहू पेरा. रात्रभर भिजवलेले गहू, पसरट ताटलीत चाळलेली माती, वरून मातीचा पातळ थर, सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ नुसतं शिंपडायचं, जास्त पाणी झालं की बुरशी येते. शेजारच्या काकू नवरात्रात घट बसवतात, त्यांनीच मला हे शिकवलं. गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो, मेला तर पुष्कळ पीक देतो, हे योहानाच्या बाराव्या अध्यायातलं वाक्य ताटलीशेजारी लिहून ठेवा.

पवित्र गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, येशूने शिष्यांचे पाय धुतले तसे परात, तांब्या, टॉवेल घेऊन घरातल्या मोठ्याने सगळ्यांचे पाय धुवायचे. पालखीबरोबर चालत आलेल्यांच्या पायांवर पाणी घालताना मुलांनी बघितलेलं असतं, त्यामुळे समजावत बसावं लागत नाही. मग गच्चीवर जाऊन चंद्र दाखवा. 21 मार्च किंवा त्यानंतरच्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर, म्हणून पवित्र आठवड्यात चंद्र मोठाच असतो, आणि 2026 सारख्या वर्षी ज्योतिबाची चैत्र यात्राही त्याच आठवड्यात येते. त्याच गुरुवारी रात्री, पकडला जायच्या आधी, गेथशेमाने बागेत येशू प्रार्थना करत होता तेव्हाही असाच चंद्र असणार. गुड फ्रायडेला दुपारी 3 वाजता, येशूने प्राण सोडला त्या वेळी, सगळं बंद करून शांत बसतो.

ईस्टरला सकाळी जांभळं कापड काढून पांढरं घाला, बोटभर वाढलेला गहू वेदीवर ठेवा आणि आलेलुयाचा डबा सगळ्यात लहान मुलाला उघडू द्या. गहू नंतर कुंडीत लावता येतो, आमच्याकडे एकदा ओंब्याही आल्या होत्या.