अंडर-१४ टेनिस खेळणाऱ्या मुलांच्या पालकांनो, पाठदुखी अंगावर काढू देऊ नका

एआयटीएची (अखिल भारतीय टेनिस संघटनेची) नोंदणी, टॅलेंट सिरीजपासून वरच्या स्पर्धांपर्यंतच्या पायऱ्या, क्वालिफाइंगसाठी रात्रीच्या गाडीने गाठलेली गावं, बुडणारी शाळा हे सगळं तुम्हाला माहीत आहे. मी फक्त कमरेबद्दल लिहिणार आहे, कारण आमच्या लेकीचं जवळजवळ अख्खं वर्ष त्यात गेलं आणि आजही ती सर्व्हला उभी राहिली की माझा जीव वर-खाली होतो.

साधारण बाराव्या-तेराव्या वर्षी मुलींची उंची झपाट्याने वाढते, मुलग्यांची थोडी उशिरा. हाडं आधी लांब होतात, मांड्यांचे आणि कमरेचे स्नायू मागे राहतात, ताठरतात. नेमक्या याच काळात किक सर्व्ह, म्हणजे टप्पा पडल्यावर उंच उसळणारी फिरकी सर्व्ह, शिकवायला घेतात. तिच्यात टॉस (वर उडवलेला चेंडू) डोक्यावर किंवा किंचित मागे जातो, पाठ मागे वाकते आणि त्याच क्षणी पिळली जाते. त्याचा भार कण्याच्या सगळ्यात खालच्या मणक्यांवर येतो. बास्केट भरभरून सर्व्ह मारल्या की तिथल्या कोवळ्या हाडाला बारीक तडा जाऊ शकतो. डॉक्टर त्याला स्पॉन्डिलोलिसिस म्हणतात.

हे दुखणं फसवं असतं. सरावानंतर ठणकायचं, सकाळी गायब. कोच म्हणाले, ‘उंची वाढतेय, दुखणारच.’ एक्स-रे काढला, तो स्वच्छ. खरी गोम इथेच आहे, म्हणून पुन्हा सांगते: सुरुवातीचा ताण किंवा बारीक तडा एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसतच नाही. तो एमआरआयमध्ये दिसतो. स्वच्छ एक्स-रे म्हणजे कंबर ठीक आहे असं नव्हे. पुढे वाकल्यावर नाही, पण मागे वाकल्यावर दुखतंय, एकाच बाजूला दुखतंय (उजव्या हाताच्या खेळाडूला अनेकदा डावीकडे), आणि दोन-तीन आठवडे झाले तरी जात नाही, तर फॅमिली डॉक्टरांवर थांबू नका. खेळाडू तपासणाऱ्या ऑर्थोपेडिककडे जा. गोळी देऊन मॅच खेळवू नका. ‘दुखणं सहन केल्याशिवाय खेळाडू होत नाही’ म्हणणाऱ्या कोचपासून मूल लांब ठेवा, मग त्याच्या भिंतीवर कितीही फोटो लागलेले असोत.

घाबरू मात्र नका. लवकर कळलं तर बहुतेक मुलं काही महिन्यांच्या विश्रांतीनं आणि फिजिओथेरपीनं पूर्ववत खेळतात.

मग प्रश्न येतो रँकिंगचा. आपण सगळे त्याच भीतीपोटी मुलांना दर आठवड्याला उतरवतो. आयटीएफ (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ) ज्युनियर रँकिंगचा हिशोब नीट बघा. ५२ आठवड्यांतले एकेरीचे सर्वोत्तम ६ निकाल धरतात आणि दुहेरीच्या सर्वोत्तम ६ निकालांचे पाव गुण त्यात मिळवतात. सातवा, आठवा, नववा साधारण निकाल मोजलाच जात नाही. तेराव्या-चौदाव्या वर्षी किती स्पर्धा खेळायच्या यावर आयटीएफनेच मर्यादा घातली आहे, ती उगाच नाही. क्रीडावैद्यकातले डॉक्टर सांगतात की आठवड्याचे सरावाचे तास मुलाच्या वयापेक्षा जास्त नकोत: तेरा वर्षांच्या मुलीला तेरा तास, आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण सुट्टी. आठवीतच शाळा सोडवून दोन्ही वेळ कोर्टवर आणायला सांगणारी अकादमी मला पटत नाही. आपली टेनिसपटू ऋतुजा भोसले अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून कॉलेज टेनिस खेळली आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकली. टेनिसपटू अर्जुन कढेही तिथल्याच ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाकडून खेळला. शिक्षण आणि टेनिस एकत्र चालतं.

जाता जाता रॅकेटचंही बघा. मोठ्या खेळाडूंची कडक पॉलिएस्टर गटिंग (रॅकेटच्या तारा) लहान हातांना नको, मऊ मल्टिफिलामेंट (अनेक बारीक धाग्यांची) घ्या.

विश्रांतीनंतर कोर्टवर परतताना सर्व्ह सगळ्यात शेवटी येते. आधी जवळून हलके फोरहँड-बॅकहँड, मग बेसलाइनवरून (कोर्टच्या मागच्या रेषेवरून), मग अर्ध्या जोराची सपाट सर्व्ह, आणि किक त्यानंतर बऱ्याच दिवसांनी. आमच्या फिजिओंनी सुरुवात हिरव्या ठिपक्याच्या चेंडूने करायला लावली. तो नेहमीच्या चेंडूपेक्षा साधारण २५ टक्के हळू असतो आणि एरवी धाकट्या गटातली मुलं वापरतात. शेजारच्या कोर्टवर जुन्या मैत्रिणी खेळत असताना मुलांना ते अपमानाचं वाटतं. म्हणून पहिल्या दिवशी घरातून निघण्याआधीच त्यांना नीट समजावून सांगा, आणि जमलं तर गर्दी नसलेल्या वेळेचं कोर्ट घ्या.