उधाणलेल्या समुद्राचे फोटो काढताना

पावसाळ्यात बेळगाव-खानापूरहून कारवारकडे जाणार असाल, तर माजाळीसारख्या कोळीवाड्याचा किनारा जरूर टिपा, पण आधी पंचांग बघा. तिथीच्या आकड्याची (अमावास्या-पौर्णिमा म्हणजे १५) पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते. अमावास्या-पौर्णिमेला ती दुपारी अकरा-बाराच्या सुमारास येते आणि उधाणही तेव्हाच मोठं असतं.

वाळूत उतरू नका. उंचावर, घरांच्या ओळीजवळ उभं राहून झूम लेन्स वापरा. लांबच्या लेन्समुळे लाट, होडी आणि माड एकमेकांजवळ येतात, समुद्राचा आकार अंगावर येतो. पहिली दहा-पंधरा मिनिटं कॅमेरा न काढता लाटा नुसत्या बघा. मोठ्या लाटा घोळक्याने येतात. तुषार थिजवायचे तर शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा. फेसाचा पांढरा रंग जळत, म्हणजे त्यातला तपशील पुसला जात असेल तर एक्सपोजर थोडं उतरवा.

खरा शत्रू खारं पाणी. लेन्सला हूड (पुढची कडा) लावा, तिथे लेन्स बदलू नका, आणि नंतर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने कॅमेरा पुसा. कोरड्या फडक्याने मीठ घासलं जाऊन काचेवर चरे पडतात. गाडीत एसी असेल तर कॅमेरा डिकीत ठेवा, नाहीतर बाहेर काढताच लेन्सवर वाफ धरते.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, झावळ्यांनी झाकलेल्या आणि जाळी विणणारे हात, हे फोटो मला लाटांपेक्षाही मोलाचे वाटतात. मात्र आधी विचारा: "मामा, फोटो काढू का?"