सी ऑफ थीव्हजमध्ये रोज बोट बुडतेय? जुन्या खेळाडूंसमोर या चुका टाळा

सी ऑफ थीव्हज म्हणजे चाच्यांचा ऑनलाइन गेम, बोटीवर बसून लूट गोळा करायची आणि दुसऱ्या खऱ्या खेळाडूंच्या बोटींशी लढायचं. आधीच सांगतो, हे लिहिणारा माणूस काय लई मोठा खेळाडू नाही, आम्ही कोल्हापूरचे तिघं आहोत, एक राजारामपुरीतला, एक शिवाजी पेठेतला आणि मी, रात्री जेवणं उरकली की दहाच्या पुढं हेडफोन घालून बसतो आणि पहिला दीड महिना आम्ही रोज बुडलो. रोज म्हणजे रोज. इतकं की शिवाजी पेठेतला म्हणायला लागला, आपण चाचेगिरी नाही, जलसमाधी घ्यायला येतोय.

त्यातली एक रात्र अजून आठवतेय. अडीच तास बेटं पालथी घातली होती, पेट्या, कवट्या, चहाचे खोके, बोटीत पाय ठेवायला जागा नव्हती. आम्ही तिघं म्हणून ब्रिगंटीनवर, म्हणजे दोन डोलकाठ्या आणि दोन्ही बाजूला दोन-दोन तोफा. समोरनं आली एक बारकी स्लूप, एका बाजूला एकच तोफ, माणसं दोन. आम्ही म्हणलं आज सापडलं गिऱ्हाईक. पाच मिनिटं नुसता धूर आणि आरडाओरडा, आणि मग माइकवर हे सुरू झालं:

"खाली पाणी किती आलंय रं?"

"मला काय माहीत, मी तोफेवर हाय."

"मग खाली कोण हाय?"

खाली कोणच नव्हतं. तिघंही वर होतो, दोघं तोफेवर आणि एक सुकाणू सोडून बंदूक घेऊन कठड्यावर. बोट गेली, अडीच तास गेले, आणि ते दोघं आमच्याच पेट्या पाण्यातनं वेचत होते.

तेव्हा वाटलेलं त्यांच्याकडं भारी बंदुका असणार, आठ वर्षं खेळत असतील, काहीतरी अनलॉक केलेलं असणार. नाही भावा. हा गेम २०१८ च्या मार्चमध्ये आला, रेअर कंपनीनं बनवलाय, आणि यात विकत घ्यायच्या जवळजवळ सगळ्या गोष्टी दिखाव्याच्या आहेत, शिडाचा रंग, कोटाची बटणं, तलवारीची मूठ. आज सुरू केलेल्या पोराची बंदूक आणि हजार तास खेळलेल्याची बंदूक सारखाच मार देतात. खासबागच्या मातीत उतरल्यासारखं आहे, दोघांच्या अंगावर लंगोटच असतो, फरक कोण पाय कुठं ठेवतो त्याचा. नवीन पोरगं डाव शिकायला पळतं आणि वस्ताद त्याला आधी उभं राहायला शिकवतो, तसं आम्ही नेम सुधारायच्या व्हिडिओंवर महिना घालवला आणि बादलीकडं कुणी बघितलं नाही.

सगळेच तोफेवर जाणे

ही चूक एकटी बाकी सगळ्या चुकांएवढी आहे म्हणून हिच्यावर जरा जास्त लिहितो. बोट गोळ्यानं बुडत नाही, पाण्यानं बुडते. गोळा लागला की भोक पडतं, भोकातनं पाणी येतं, पाणी भरायला वेळ लागतो, आणि तो वेळ तुमच्या हातात असतो. जुने खेळाडू तुम्हाला एका झटक्यात बुडवायला बघतच नाहीत, त्यांना फक्त खाली असलेला माणूस मारायचा असतो किंवा त्याला वर यायला लावायचं असतं, पुढचं काम पाणी करतं. आम्ही तर त्यांचं काम आधीच करून ठेवलेलं, खाली माणूसच नाही.

आता आमचं ठरलेलं आहे. लढाई सुरू झाली की राजारामपुरीतला सुकाणूवर, मी तोफेवर, आणि शिवाजी पेठेतला खाली. तो खालनं फक्त आकडे ओरडतो, "दोन भोकं", "पाणी घोट्यापर्यंत", "पाणी कमरेला आलं, एकजण या". हे ऐकलं की तोफ सोडायची, समोरच्याला अजून एकच गोळा लागणार असला तरी सोडायची. एकच गोळा, एकच गोळा करत आम्ही किती वेळा बुडालोय त्याचा हिशोब नाही.

खाली गेल्यावर आधी काय करायचं? सगळ्यात खालच्या मजल्याची भोकं आधी फळी मारून बुजवा, वरची राहू देत, कोरड्या मजल्यावरच्या भोकातनं पाणी फारसं येत नाही. एखाद-दुसरं भोक उघडं असलं तरी सलग बादली मारत राहिलं तर पाणी बऱ्यापैकी आवरतं, पण चार-पाच भोकं उघडी ठेवून बादली मारणं म्हणजे नळ चालू ठेवून मोरी पुसणं. आणि बादलीतलं पाणी बोटीच्या बाहेर पडलं पाहिजे. हे वाचून हसाल, पण आमचा गडी एक अख्खी लढाई जिन्यात उभा राहून बादली मारत होता आणि ते पाणी पायऱ्यांवर पडून परत खालीच येत होतं, आम्ही वरनं ओरडतोय पाणी कमी का होईना, तो म्हणतोय मार मार मारतोय की!

एकटे खेळत असाल तर मात्र हे सगळं तुम्हालाच करायचंय. स्लूपवर एकट्यानं दोन भोकं पडली की तोफ विसरा, सुकाणू थोडं वळवून समोरच्याच्या तोफांच्या रेषेतनं बाहेर निघा आणि मग खाली जा. सरळ रेषेत चाललेली बोट सोडून खाली गेलात तर वर येईपर्यंत अजून चार पडलेली असतात.

बेटावर नांगर टाकणे

नांगर टाकला की बोट जागेवर थांबते, बरोबर, पण उचलायला तो दांडा गोल गोल ढकलत बसावा लागतो आणि त्याच वेळी कोपऱ्यावरनं एखादी बोट आली तर तुम्ही बांधलेल्या म्हशीसारखे उभे. बेटाजवळ आलात की शिडं वर घ्या, बोट आपोआप हळू होऊन थांबते. निघायचं असलं की शिडं सोडली, गेली. नांगर वापरायचा तो मुद्दाम, म्हणजे सुकाणू पूर्ण एका बाजूला वळवून नांगर सोडला की बोट जागच्या जागी गर्रकन फिरते, ती युक्ती सुरुवातीला नको, आम्ही ती करायला जाऊन स्वतःच खडकावर चढलोय.

लांबचं न बघणे, आणि शिडी मोकळी सोडणे

क्षितिजावर शिडं दिसली आणि ती बोट तुमच्याकडं येतेय हे कळायला पाच मिनिटं मिळतात, आणि त्या पाच मिनिटांत अर्धी लढाई ठरते. तिघांपैकी एकाचं काम फक्त दुर्बीण लावून गोल फिरायचं. आम्ही बेटावर खोदायला तिघंही जायचो, परत आलो की बोट नाही. आता एकजण बोटीवरच, त्याला कंटाळा येतो, येऊ दे, त्यानं मासे तळावेत. खरंच तळावेत, कारण शिजवलेलं खाणं केळ्यापेक्षा जास्त भरून काढतं, फक्त तव्यावर ठेवून विसरू नका, करपलं की धूर होतो आणि मग बोटीला आग लागते. आमची एकदा शत्रूशिवायच जळाली होती.

रात्री कंदील विझवा. लांबनं बोट दिसते ती कंदिलामुळंच दिसते.

आणि शिडी. जुने खेळाडू बोटीनं बोटीवर येत नाहीत, ते तोफेत बसून स्वतःला उडवतात, पाण्यात पडतात आणि तुमच्या शिडीनं वर येतात. पाण्यात धप्प आवाज आला, शिडीला हात लागल्याचा आवाज आला, की तिथं माणूस पाहिजे, हातात ब्लंडरबस, म्हणजे जवळनं मारायची बंदूक, घेऊन. जवळनं पूर्ण बसला तर एका बारात माणूस गार होतो, त्यामुळं इथं नेम नाही, फक्त कान पाहिजेत. बरेचजण गाणी लावून खेळतात, त्यांना हे ऐकूच येत नाही आणि मग म्हणतात आला कुठनं हा. आणि काहीजण चढून लगेच मारत पण नाहीत, एखाद्या पिंपामागं गप लपून बसतात, तुम्ही विकायला निघालात की उठतात. लढाई संपली असं वाटलं की एकदा बोट वरपासून खालपर्यंत फिरून या.

लूट साठवत बसणे

ही आपली सवयच आहे, दिवाळीचा बोनस आला तरी हातात धरून बसायचं. गेममध्ये बोटीवरची लूट तुमची नसते, दुकानात विकली की तुमची. विकलेलं सोनं बुडलात तरी जात नाही. म्हणून चार-पाच चांगल्या पेट्या झाल्या की वाटेतला आउटपोस्ट, म्हणजे दुकानं असलेलं बेट, गाठा आणि मोकळे व्हा, दोन फेऱ्या झाल्या तरी चालतील.

यातच एमिसरीचा, म्हणजे गेममधल्या एखाद्या कंपनीच्या प्रतिनिधीचा झेंडा येतो. झेंडा लावला की ग्रेड वाढत जातो आणि पाचव्या ग्रेडला लुटीचे अडीचपट पैसे मिळतात, म्हणून नवीन पोरं मिळाला की लगेच लावतात. पण तो झेंडा म्हणजे गळ्यात सोन्याची साखळी घालून रात्री एकट्यानं फिरणं आहे, लांबनं दिसतो, बुडलात की तुमचा झेंडा सुद्धा समोरचा विकतो, आणि रीपर्स बोन्सवाला (ही दुसऱ्यांना लुटणाऱ्यांची कंपनी) पाचव्या ग्रेडला पोचला असेल तर त्याला नकाशावर सगळे झेंडेवाले दिसतात. याची उलटी बाजू पण आहे, रीपरची बोट सगळ्यांच्याच नकाशावर दिसते. त्यामुळं दर थोड्या वेळानं खाली जाऊन नकाशा बघायचा, ती खूण आपल्या दिशेनं सरकतेय का. आम्हाला ही गोष्ट कळायला तीन आठवडे लागले, कारण नकाशा आम्ही फक्त बेट शोधायला उघडायचो.

रिकाम्या पोटी लढाईला जाणे

नवीन बोट मिळते तेव्हा थोडेफार गोळे, फळ्या आणि केळी असतात, तेवढ्यावर चांगली लढाई होत नाही. जुने खेळाडू पहिली दहा-पंधरा मिनिटं फक्त पिंपं उचकत फिरतात. कंटाळवाणं आहे, पण करा. एका मागं एक पिंप उघडण्यापेक्षा एक स्टोरेज क्रेट, म्हणजे सामान भरायचा खोका, हातात घेऊन फिरा. साखळीचा गोळा मिळाला तर तो जपून ठेवा, पाठलाग करणाऱ्याच्या डोलकाठीवर मारायला त्याच्यासारखं काही नाही, डोलकाठी पडली की पळणाऱ्याला जीव मिळतो. बारुदाचं पिंप मात्र बोटीच्या पोटात ठेवू नका, एक गोळी लागली की विषय संपला.

पळायला लाजणे

कोल्हापुरात पळणं हा शब्दच कुणाला आवडत नाही. पण चार जणांची गॅलियन, तीन डोलकाठ्या, एका बाजूला चार तोफा, आणि तुम्ही दोघं स्लूपवर, तिथं छाती काढून उभं राहण्यात काय मर्दुमकी नाही. फक्त कुठं पळायचं ते कळलं पाहिजे. वारा पाठीमागनं असला की गॅलियन तुम्हाला गाठणारच. वाऱ्याच्या तोंडावर गेलात, शिडं सरळ धरली, की स्लूप पुढं आणि ती मागं पडत जाते. ब्रिगंटीन पण वाऱ्याच्या तोंडावर गॅलियनला हरवते. नवीन माणूस घाबरून वारा पाठीशी घेतो कारण बोट जोरात पळाल्यासारखी वाटते, आणि मागची त्याहून जोरात येत असते.

गगनबावड्याचा घाट उतरून विजयदुर्गला गेलात तर ही गोष्ट तिथं उभं राहून जास्त कळते. आंग्र्यांच्या आरमारात मोठ्या गुराबा होत्या आणि बारकी गलबतं होती, वारा पडला तरी गलबतं वल्ह्यांवर चालायची आणि मोठ्या व्यापारी जहाजाचा मागचा भाग गाठायची, जिथं त्याच्या बाजूच्या तोफा पोचत नाहीत. गेममध्ये पण तेच, मोठ्या बोटीच्या बाजूला कधी जाऊ नका, तिच्या शेपटीला चिकटून राहा. (इंग्रज कान्होजींना चाचे म्हणायचे, तो वेगळा वाद आहे आणि त्यावर आमच्या ग्रुपमध्ये रात्री दोन वाजता भांडण झालेलं आहे.)

बारीकसारीक अजून दोन-तीन गोष्टी. लढताना नेट मध्येच तुटत असेल तर वायफाय सोडून केबल लावा, आमच्यातल्या एकाचा राऊटर स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडं होता आणि मिक्सर लागला की पठ्ठ्या जागेवर गोठायचा. गेममध्ये एररची नावं पण कुठल्या ना कुठल्या बिअर्डवरनं ठेवलेली आहेत, लव्हेंडरबिअर्ड आला की कनेक्शन गेलं समजायचं, बोटीवर बाकीचे असतील तर ती तिथंच असते, लगेच परत या. सराव करायचा असला तर सेफर सीज आहे, २०२३ च्या डिसेंबरमध्ये आलं, तिथं दुसऱ्या कुणाच्या बोटी नसतात, पैसे कमी मिळतात, पण शिडं, वारा, बादली हे सगळं शांतपणे हाताखालनं जातं. एमिसरीचा झेंडा तिथं मिळत नाही. उलट ज्यांना फक्त भांडणच पाहिजे त्यांच्यासाठी वाळूचं घड्याळ आहे बोटीवर, त्यात मत दिलं की समोर थेट एक लढाऊ बोट येते. लूट गमवायची भीती नाही, त्यामुळं दहा वेळा बुडून शिकायला तेच बरं.

आणि बुडवणाऱ्याला माइकवर शिव्या देऊ नका. त्या स्लूपवाल्या दोघांना राजारामपुरीतल्यानं मोडक्या इंग्रजीत विचारलं होतं, भावा आमचं काय चुकलं. त्यातला एकजण म्हणाला, तुमच्याकडं बादलीच नव्हती वाटतं. आमचा सगळा अभ्यास तिथनं सुरू झाला.

मागच्या शनिवारी परत एक गॅलियन मागं लागली. आमच्याकडं दीड तासाची लूट. वारा तोंडावर घेतला तरी ते काय सोडेनात, लांब राहून मागं मागं येत होते. अंधार पडला तेव्हा कंदील विझवले, बेटावरनं आणलेली होडी बोटीच्या मागं अडकवलेली होती, तिच्यात सगळ्या पेट्या रचल्या, शिवाजी पेठेतला त्यात बसला आणि आउटपोस्टच्या बाजूनं जाताना होडी सोडून दिली. आम्ही दोघं बोट घेऊन तसेच पुढं. गॅलियन आमच्याच मागं आली. वीस मिनिटांनी गाठलं त्यांनी, तोफा वाजल्या, आम्ही बादल्या मारल्या, शेवटी बुडालो. चौघं पाण्यात उड्या मारून लूट शोधायला लागले, आणि वर काय तरंगत होतं, तर केळ्याची दोन पिंपं आणि एक रिकामा क्रेट. तेवढ्यात माइकवर आवाज आला, "शेवटची कवटी विकली रं, बोटीवर परत यायला मत्स्यकन्या कुठं उगवली बघतो."